शिडाच्या जहाजाचं पहिलं मॉडेल करताय? मग आधी कामाची बोट करा

शिडाच्या जहाजाचं मॉडेल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकदम व्हिक्टरी ही ब्रिटिश युद्धनौकाच येते, १७६५ मध्ये पाण्यात उतरलेली, शंभर तोफांची, दोऱ्यांच्या जाळ्यासकट. माझंही तसंच झालं होतं. पहिला किट घेतला तोच तीन डोलकाठ्यांचा, दीड वर्ष त्याच्याशी झटलो आणि शेवटी अर्धवट सांगाडा परत खोक्यात गेला, कारण नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, लाकडाच्या पट्ट्या बसतच नव्हत्या आणि का बसत नाहीत तेच समजत नव्हतं. मग एक साधी डोरी केली, सपाट तळाची मासेमारीची होडी, आणि महिन्याभरात हलबद्दल, म्हणजे जहाजाच्या धडाबद्दल, जे कळलं ते त्या दीड वर्षात कळलं नव्हतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगतो, पहिलं मॉडेल कामाच्या बोटीचं करा.

डोरी म्हणजे काय तर न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड मासे पकडायला स्कूनर, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची शिडाची जहाजं, जायची, त्यांच्या डेकवर या होड्या एकात एक घातलेल्या असायच्या. आतल्या बसायच्या फळ्या काढता येतात म्हणून तशा रचता येतात. डोरीचं माप तळाच्या लांबीवरून सांगतात, म्हणजे १५ फुटी डोरी म्हणजे तळ १५ फूट, वरची लांबी त्याहून बरीच जास्त. १:२४ ला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाने, करायची तर तळ साधारण १९ सेंटिमीटर होतो, हातात मावतो. बाजूला मोजक्याच रुंद पट्ट्या आणि तळ सपाट, म्हणजे फार वाकडंतिकडं काही नाही, पण पट्टी दोन्ही टोकांना का निमुळती करावी लागते हे मात्र इथेच कळतं. डोरी झाली की दुसरी एका डोलकाठीची बोट घ्या, एखादा पायलट कटर वगैरे. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजापर्यंत वाटाड्याला पोचवायचं हे त्यांचं काम, त्यामुळे बोटी वेगवान आणि कुठल्याही हवेत टिकणाऱ्या. १९१३ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदरासाठी बांधलेली जोली ब्रीझ ही अशीच पायलट बोट, १९२५ ची पहिली फास्टनेट ही शिडाच्या बोटींची शर्यत तिनेच जिंकली. अशा बोटीत हल, डेक, डोलकाठी, शिडं, दोऱ्या सगळं असतं पण प्रत्येक गोष्ट थोडी थोडी, त्यामुळे कंटाळा यायच्या आत पूर्ण होते.

आता स्केल. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच, ब्रिटिश नौदलाच्या काळातल्या जुन्या जहाज-मॉडेल्समध्ये, ज्यांना नेव्ही बोर्ड मॉडेल्स म्हणतात, हे प्रमाण खूप दिसतं. पण तेच व्हिक्टरीला लावलं तर बोस्प्रिटसकट, म्हणजे नाळेतून पुढे येणाऱ्या काठीसकट, जवळजवळ दोन मीटर लांबीचं मॉडेल होतं, ते ठेवणार कुठे याचा आधी विचार करा. मोठ्या जहाजांना १:९६ किंवा १:१०० बरं, मध्यम स्कूनरला १:६४, छोट्या बोटींना १:२४ किंवा १:३२. कॅनडातल्या लुननबर्गची प्रसिद्ध ब्लूनोज, १९२१ ची मासेमारी स्कूनर, साधारण साडेत्रेचाळीस मीटर होती, म्हणजे १:६४ ला ६८ सेंटिमीटर, टेबलावर आरामात बसते. आणि एक गोष्ट पहिल्या दिवशीच करा, जाड कागदाचा एक माणूस कापून ठेवा. पावणेदोन मीटरचा माणूस १:६४ ला २७ मिलिमीटर होतो, १:४८ ला ३६. हा माणूस शेवटपर्यंत टेबलावर राहू द्या आणि काहीही बसवायच्या आधी त्याला शेजारी उभं करा. कठडा त्याच्या कमरेशी येतोय का छातीशी, दारातून तो वाकून जाईल का त्याचं डोकं आपटेल, सुकाणूचा दांडा त्याच्या हातात येतो का. किटमधल्या कितीतरी वस्तू प्रमाणापेक्षा मोठ्या असतात आणि नुसतं बघून ते लक्षात येत नाही, कागदाचा माणूस लगेच दाखवतो.

प्लॅनबद्दल थोडंच सांगतो. लढाऊ जहाजांचे सरकारी नकाशे भरपूर उरलेत, ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमकडे त्यांचा प्रचंड मोठा संग्रह आहे. कामाच्या बोटींचं तसं नाही, त्या बऱ्याचदा कागदावर काढल्याच जायच्या नाहीत, बांधणारा आधी लाकडाचं अर्ध मॉडेल कोरायचा, हात फिरवून आकार पटला की त्याच्यावरून मापं घेऊन खरी बोट. म्हणजे बोटीच्या आधी मॉडेल! मला ही गोष्ट फार आवडते. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३६-३७ मध्ये, बेकार झालेल्या जहाज-आरेखकांना कामाला लावून अशा जुन्या बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने मोजून घेतल्या गेल्या, ते नकाशे आता स्मिथसोनियनकडे आहेत. प्लॅन हातात आला की तीन आकृत्या ओळखायला शिका, बाजूने दिसणारी, वरून दिसणारी, आणि समोर-मागून कापल्यासारखी दिसणारी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण बल्कहेडचे, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या फळ्यांचे, आकार तिथूनच निघतात.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला चाकू आणि भरपूर नवी पाती, छोटा गुण्या, स्टीलची पट्टी, दोन-तीन कानसी, चिमटे, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, आणि ८० ते ३२० नंबरचे सँडपेपर सपाट ठोकळ्यांवर चिकटवून. पांढरा पीव्हीए गोंद बहुतेक कामाला, सुपरग्लू फक्त जिथे पट्टी हाताने धरून ठेवायला लागते तिथे एखादा थेंब. घासताना मास्क लावाच, काही लाकडांचा भुसा छातीला आणि कातडीला खूप त्रास देतो.

सांगाडा. मधोमध एक लांब तुकडा असतो ज्याला फॉल्स कील म्हणतात आणि त्याच्यावर खाचांमध्ये आडवे बल्कहेड बसतात, माशाच्या काट्यासारखं. गोंद लावायच्या आधी फॉल्स कील काचेवर ठेवून बघा, एका टोकाला उचलला जातोय का. वाकलेला असला तर आत्ताच ओला करून वजनाखाली सरळ करा, नाहीतर बदला, पुढे पट्ट्या लावून तो सरळ होईल ही आशा सोडा, कधीच होत नाही. बल्कहेड काटकोनात राहायला लेगोचे ठोकळे दोन्ही बाजूंनी दाबून धरले की झकास काम होतं. पहिल्या दोन-तीन बल्कहेडांच्या मध्ये, नाळेपाशी आणि पार मागे, मऊ लाकडाचे ठोकळे भरून घ्या, तिथे पट्टीला सगळ्यात जास्त वळण असतं आणि टेकायला जागा हवी असते.

आणि आता ते काम जे मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं. फेअरिंग, म्हणजे पट्टी सगळीकडे नीट टेकेल असे बल्कहेडच्या कडा घासून घेणं. किटमधून आलेले बल्कहेड लेझरने सरळ कापलेले असतात, त्यांची कड काटकोनात असते, पण हल पुढे-मागे निमुळता होतो त्यामुळे नाळेजवळच्या बल्कहेडला पट्टी टेकते ती फक्त एका कोपऱ्यावर, सुईच्या टोकासारखी. तिथे तिला धरायला काही नसतं म्हणून ती उठते, तुम्ही दाबता, मग ती पुढच्या बल्कहेडवर फुगते, आणि हे प्रत्येक पट्टीला थोडं थोडं वाढत जाऊन शेवटी तो हल कितीही घासला तरी गुळगुळीत दिसत नाही. माझ्या त्या खोक्यातल्या जहाजाला नेमकं हेच झालं होतं.

तर करायचं असं. दीड मिलिमीटर जाडीची एक लांब, बिनगाठीची पट्टी घ्या, हिला बॅटन म्हणतात, ही हलवर लावायची नाहीये, फक्त तपासायला आहे. सगळ्या बल्कहेडच्या कडांवर पेन्सिलने आडव्या खुणा करा. बॅटन एका वेळी चार-पाच बल्कहेडवर हलकी टेकवा, दाबू नका, आणि दिव्यासमोर धरून मागून बघा. जिथून उजेड येतो ते बल्कहेड खोल आहे, जिथे बॅटनला कोपर आल्यासारखा बाक दिसतो ते उंच आहे. उंच असेल ते लांब ठोकळ्यावरच्या सँडपेपरने घासा, ठोकळा एवढा लांब हवा की किमान दोन, शक्यतो तीन बल्कहेड एकदम लागतील, नाहीतर एकेक बल्कहेड आपापल्या मनाने गोल होत जातो. खोल असेल तिथे पातळ लाकडाची पट्टी चिकटवून मग घासा. पेन्सिलची खूण बाहेरच्या कोपऱ्यावरून जात जात कडेच्या पूर्ण रुंदीवरून पुसली गेली म्हणजे तिथला उतार बरोबर झाला. मग बॅटन थोडी खाली सरकवा, परत तेच. वरून खालपर्यंत, तिरकी, पुढे, मागे. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. मला एका कटरला याला चार संध्याकाळी लागल्या आणि त्या चार संध्याकाळींनी पुढचा महिनाभराचा त्रास वाचवला. पट्ट्या लावायची घाई होते, मला माहितीये, पण बॅटन जोपर्यंत सगळीकडे शांतपणे टेकत नाही तोपर्यंत पट्टीला हात लावू नका.

आता पट्ट्या. मूळ गोष्ट एवढीच समजून घ्या की पट्टी जाडीच्या दिशेने वाकते, रुंदीच्या दिशेने नाही. तिला तिच्या मनाप्रमाणे पडू दिलं की ती नाळेकडे वर वर चढत जाते, आणि जबरदस्तीने खाली ओढलं की खालची कड उचलली जाते. उपाय म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाला निमुळती करणं, आणि किती करायची हे अंदाजाने नाही, मोजून. कागदाची बारीक पट्टी मधल्या बल्कहेडभोवती वरपासून कीलपर्यंत, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यापर्यंत, गुंडाळा आणि खूण करा. समजा ६० मिलिमीटर भरलं आणि तुमची पट्टी ५ मिलिमीटरची आहे, म्हणजे १२ पट्ट्या लागणार. आता तेच पहिल्या बल्कहेडवर मोजा, समजा ३९ भरलं, तर १२ पट्ट्या ३९ मध्ये बसवायच्या, म्हणजे तिथे प्रत्येकीची रुंदी सव्वातीन. सगळ्या बल्कहेडवर असे १२ भाग पाडून खुणा केल्या की प्रत्येक पट्टी कुठून कुठे जाणार ते सांगाड्यावरच लिहिलेलं असतं, विचारच करायला नको. पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा बारीक मात्र होऊ द्यायची नाही, म्हणजे इथे अडीच ही हद्द. २७ च भरलं असतं तर सव्वादोन आलं असतं, अशा वेळी एक पट्टी मध्येच संपवून शेजारचीला तिथून रुंद करतात, तिला ड्रॉप प्लँक म्हणतात. मागच्या बाजूला बऱ्याचदा उलटं होतं, खाली पसरून माप ६६ वगैरे भरतं, म्हणजे पट्ट्या कमी पडतात, तिथे पाचरीसारखा एक तुकडा मध्ये घालायचा, तो स्टीलर. खऱ्या जहाजांवरही हेच करायचे, त्यामुळे ही काही लपवाछपवी नाही, नीट केलं तर उलट शोभून दिसतं.

लावताना एक उजवीकडे, एक डावीकडे, असंच जायचं, एका बाजूला चार-पाच सलग लावल्या की सांगाडा केळीच्या सालीसारखा पिळतो. नाळेचं वळण द्यायला पट्टी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग गरम इस्त्रीवर किंवा हेअर ड्रायरसमोर हळूहळू वाकवा, बल्कहेडवर टाचण्या-क्लॅम्पने नुसती धरून ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. ओलीच चिकटवली तर वाळल्यावर आकसते आणि फट पडते. चिकटवायच्या आधी शेजारच्या पट्टीला लागणारी कड किंचित तिरकी घासा, कारण गोल भागावर दोन चौकोनी कडा एकमेकींना फक्त आतून लागतात आणि बाहेर व्ही आकाराची चीर राहते. पट्टीला आपण दाबून बसवतोय असं वाटलं तर थांबा, काढा, परत घासा. बोटाच्या हलक्या दाबाने जागेवर बसते ती बरोबर.

डेक त्यामानाने सोपा. खरी फळी वीस-पंचवीस फुटांची असायची, म्हणून अख्ख्या लांबीची एकच पट्टी लावू नका, प्रमाणात तुकडे करा आणि शेजारशेजारचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फळ्यांमधली डांबराची रेघ दाखवायला पट्टीच्या कडेवर मऊ पेन्सिल फिरवली तरी पुरते. खरी रेघ पाव इंचाच्या आसपास, म्हणजे १:६४ ला एक दशांश मिलिमीटर, काळा जाड दोरा घातलात की ते डेक न वाटता झेब्र्याची पाठ वाटते.

रंगावर लोक भांडतात. लाकूड उघडं ठेवलं तर काम दिसतं, आणि मला स्वतःला छोट्या मॉडेलवर तेच आवडतं. पण इतिहास बघायचा तर कामाच्या बोटी रंगवलेल्या, डांबर लावलेल्याच असायच्या. आणि मोठ्या जहाजांचं तर काय, १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा हे स्वीडिश जहाज आज स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये काळपट तपकिरी दिसतं, पण त्यावरची शिल्पं मुळात भडक रंगांत होती, रंगाचे कण सापडलेत. तांब्याचे पत्रे लावायचे असतील तर आधी साल बघा. ब्रिटिश नौदलाने तांबं पहिल्यांदा १७६० च्या दशकात करून पाहिलं आणि सगळ्या ताफ्याला लावलं ते १७८० च्या आसपास. त्याआधीच्या जहाजाच्या तळाला तेल, राळ आणि गंधक यांचं पांढरं मिश्रण फासायचे. १७४० च्या जहाजाला तांबं लावलेली मॉडेल्स मी पाहिलीत, काम अप्रतिम, पण बघताना टोचतं. तेलाचं फिनिश देणार असाल तर एक सांभाळा, जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

डोलकाठी गोल दांड्यापासून करू नका, लाकडाच्या रेषा तिरक्या असल्या की ती काही महिन्यांत वाकते. सरळ रेषांची चौकोनी काठी घ्या. आधी चौकोनीच ठेवून वरच्या बाजूला निमुळती करा, मग प्रत्येक बाजूचे ७, १० आणि ७ अशा प्रमाणात तीन भाग पाडा, त्या रेषांपर्यंत कोपरे तासले की नीट अष्टकोन मिळतो, अष्टकोनाचे कोपरे मारले की सोळा बाजू, आणि मग सँडपेपरने गोल.

दोऱ्यांचा भाग, ज्याला सगळे घाबरतात. इथे सगळ्यात मोठी चूक जाडीची होते. जुन्या कागदांत दोराचं माप घेराचं दिलेलं असतं, व्यासाचं नाही. ६ इंची दोर म्हणजे घेर ६ इंच, व्यास दोन इंचाला जरा कमी, म्हणजे १:४८ ला साधारण १ मिलिमीटर. तोच व्यास समजून घेतलात तर तीन मिलिमीटरचा दोरखंड लागतो आणि सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या कायमच्या दोऱ्या डांबर लावलेल्या, म्हणून गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या. शिडं हलवणाऱ्या दोऱ्या फिकट तागाच्या रंगाच्या. सगळं एकाच रंगात केलं की डोळ्याला काहीच उलगडत नाही.

बाजूच्या दोऱ्या, म्हणजे श्राउड, जोडीजोडीने लावा, आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, मग परत उजवीकडे. एकाच बाजूच्या सगळ्या ओढल्या की डोलकाठी तिकडे झुकते. खाली तीन भोकांचे गोल लाकडी तुकडे असतात, डेडआय, एक वर एक खाली आणि मध्ये बारीक दोरी ओवलेली. वरचे सगळे डेडआय एका रेषेत, कठड्याला समांतर आले पाहिजेत, आणि ते नजरेने होत नाही. पितळी तारेचा एक तुकडा घ्या, दोन्ही टोकं ठराविक अंतरावर काटकोनात वळवा, एक टोक खालच्या डेडआयच्या भोकात, दुसरं वरच्याच्या. आता वरचा डेडआय जागच्या जागी धरलेला आहे, त्याच्याभोवती श्राउड फिरवा, बांधा, तार काढा, पुढच्याला लावा. ओवताना तारेसारखं ताणू नका, दोरी सरळ राहील इतकंच.

श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्या, रॅटलाइन, तेरा-चौदा इंचांवर असायच्या, १:४८ ला सात मिलिमीटर. मागे रेघा मारलेला कागद लावा आणि प्रत्येक श्राउडवर साधी क्लोव्ह हिच गाठ मारत जा. दोर आत ओढले जाऊन श्राउडला कंबर आल्यासारखी दिसत असेल तर तुम्ही जास्त घट्ट ओढताय. एका बैठकीत दहा-बारापेक्षा जास्त पायऱ्या करू नका, बोटं दमली की गाठी बिघडतात. खुंटीला बांधलेल्या दोरीचं वेटोळं वेगळं करून त्याला पाणी घातलेला गोंद लावा आणि खाली लोंबतं वाळू द्या, खऱ्या दोराला वजन असतं म्हणून तो लटकतो, आपला दोरा मात्र हवेत ताठ उभा राहतो आणि बाकी सगळं छान असूनही तिथेच नजर अडकते.

शिडं लावायची की नाही ते तुमच्यावर. साधं सुती कापड बहुतेक वेळा प्रमाणात फार जाड होतं, मॉडेलसाठीचा पातळ टिश्यू कागद रंगवून वापरला तर जास्त खरा दिसतो. ब्रिटिश नौदलाचं शिडाचं कापड दोन फुटी पन्ह्याचं असायचं, म्हणून १:४८ ला साधारण पावणेतेरा मिलिमीटरवर उभ्या शिवणी, त्या पेन्सिलने दाखवा, शिलाई मशीनचा टाका इथे फार मोठा पडतो.

काम संपलं की काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी हवीच, धूळ दोऱ्यांत बसली की निघत नाही. पेटीला हवा खेळायला बारीक भोकं ठेवा आणि ओकसारख्या लाकडाचा तळ टाळा. अशा लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते, आणि मॉडेलमध्ये शिशाचे नांगर, तोफा असतील तर बंद पेटीत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत ते अक्षरशः खाल्ले जातात, म्हणून शिशाचे भाग आधीच बदलून पितळी करा. थेट ऊन पडेल अशी जागा नको. आणि पेटीच्या तळाला खालून एक कागद चिकटवा, बोटीचं नाव, स्केल, साल, कुठलं लाकूड, कुठला गोंद, कुठलं फिनिश, कारण वीस वर्षांनी एखादी दोरी तुटली तर दुरुस्त करणाऱ्याला पहिल्यांदा हेच लागणार आहे.